गोव्याला जाण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग

शुक्रवार, १ मार्च १९७४
निर्णय झाला. मे महिन्यात गोवा. मोटारीने. विमलला समुद्र दाखवायचा. लग्नात कबूल केलं होतं, त्याला आता बावीस वर्षं झाली. याला उशीर म्हणत नाहीत, तयारी म्हणतात.
समुद्र मीही पाहिलेला नाही. पण भरती-ओहोटी कशी होते हे वाचनाने जाणतो. माझी शाळा सातवीत सुटली, शिक्षण सुटलं नाही. तिला किनाऱ्यावर उभं करून सगळं समजावून सांगेन. नुसतं बघण्यात काय अर्थ?
गाडी अण्णासोची. उद्यमनगरात त्याची फौंड्री माझ्या लेथ-शॉपला लागून आहे. चालवणार तोच. मला गाडी चालवता येत नाही. गाडी का चालते, ते मात्र पुरतं माहीत आहे. नुसते चालवणारे पुष्कळ भेटतात.

बुधवार, ६ मार्च
नकाशा तयार. जुना असल्याने त्यात 'म्हैसूर राज्य' होतं, ते खोडून लाल शाईने 'कर्नाटक' केलं. वाटेत दोन सरहद्दी: एक कागलच्या पुढे, दुसरी गोव्याच्या घाटात. दोन्हीकडे उतरून दृश्य बघणे. शिवाय दूधगंगेचा पूल, तवंदीचा घाट, बेळगावचा किल्ला. प्रत्येक ठिकाणी काय बघायचं, कुठल्या बाजूला तोंड करून बघायचं, सगळं लिहून काढलं.
अण्णासो म्हणाला, निपाणी आपलीच हाय की, कसली सरहद्द घेऊन बसलायस?
मी म्हटलं, वेळापत्रकात भावनेला कॉलम नाही.

मंगळवार, १२ मार्च
अडचण. विमलने नकाशा पाहिला. म्हणाली, कागलला माझा भाऊ, निपाणीला मावशी, संकेश्वरला आक्काताई. दारावरनं मोटार न्यायची आणि आत जायचं न्हाई? तोंडात शेण घालतील लोक. आणि आत गेल्यावर जेवल्याबिगार सोडतंय कोण?
खरं आहे. आपल्याकडे जेवण म्हणजे मटण, मटण म्हणजे आधी बोकड बघण्यापासून सुरुवात. मग रस्सा, मग आग्रह, मग पान, मग जरा लवंडा. तीन घरं म्हणजे पहिल्या मुक्कामाला आम्ही संकेश्वरच्याही पुढे जात नाही.
रात्री उपाय सुचला. पाहुणचार आगाऊ उरकायचा! आधीच एकेका रविवारी एकेका घरी जाऊन जेवून यायचं. मग जायच्या दिवशी अडवायला कारणच उरत नाही. इतकी साधी गोष्ट आजवर कोणालाच कशी सुचली नाही?

रविवार, १७ मार्च
कागल. एस.टी.ने. मेहुणा धोंडीराम. पुरे म्हटलं की म्हणायचा, दाजी, लाजताय व्हय? आणि वाटी भरायचा. जेवण झाल्यावर त्याला मुद्दा नीट समजावला: मे महिन्यात गोव्याला जाताना आम्ही थांबणार नाही, राग मानू नये.
तो म्हणाला, गोव्याला? मोटारीनं? आणि बराच वेळ विचारात पडला. मुद्दा पोचलेला दिसतो. कागल निकाली.

रविवार, ३१ मार्च
निपाणी. विमलची मावशी धोंडुबाई. इथे कोंबडी. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, जावईबापू, गाडीत माणसं किती मावत्यात?
या वयात एवढं तांत्रिक कुतूहल! पुढे दोन, मागे तीन, आणि दाटीने आणखी एक, म्हणजे सहा, असं सांगितलं. सातवा अजिबात नाही. एक्सलवर अन्याय होतो. तिने बोटं मोजून पाहिली. निपाणी निकाली.

रविवार, १४ एप्रिल
संकेश्वर. आक्काताईचा नवरा केरबा, म्हणजे माझा साडू. त्याने विचारलं, पावणं, निघणार कवा? मी म्हटलं, ५ मे, पहाटे साडेपाच. त्याने खडूने भिंतीवर लिहून ठेवलं. शिस्तीचा माणूस. सगळा रस्ता मोकळा.
येताना एस.टी.त विमल म्हणाली, तुमी सगळ्यांस्नी सांगत सुटलाय, त्याचं काय हुईल कळतंय का? मी म्हटलं, वेळ वाचेल. ती खिडकीबाहेर बघत बसली. प्रवासाची सवय नाही.

शनिवार, २७ एप्रिल
टपावरचा कॅरिअर स्वतः बनवून बसवला. बाजारी मालावर भरवसा नको.
भरती-ओहोटीवरचं भाषण विमलला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, मला आधी पाण्यात पाय घालू द्या, मग काय ते बोला. चंद्राचा भाग थोडा कमी केला.

शनिवार, ४ मे, संध्याकाळ
धोंडीराम, मावशी, केरबा आणि आक्काताई आले. मी म्हटलं, निरोप द्यायला एवढ्या लांब? मावशी म्हणाली, तुमी आमच्यात जेवून गेलासा, आमी न्हाई आलो तर बरं दिसंल का? मन भरून आलं.
मावशीने उशी आणली आहे. झोपेची जागा बदलली की त्रास होत असावा. धोंडीरामने समुद्राला वाहायला नारळ आणला आहे. आमच्या हस्ते वाहू.

रविवार, ५ मे, सकाळ
गाडी वेळेवर आली. मी टपावर चढून दोऱ्या आवळल्या. उतरलो तर गाडी भरलेली. पुढे अण्णासो, धोंडीराम, केरबा. मागे मावशी, आक्काताई, विमल.
धोंडीराम म्हणाला, या की दाजी, मांडीवर बसा. मावशी म्हणाली, सहाच म्हणून सांगितलंया त्येंनी, मी मोजूनच बसलीया.
ज्यांचं मटण खाल्लं त्यांना गाडीतून उतरा म्हणता येत नाही. विमल मात्र उतरायला लागली. म्हणाली, तुमी जावा, मी ऱ्हाते. तिने नवं लुगडं नेसलं होतं. मी म्हटलं, बस. सातवा माणूस एक्सलला चालत नाही, सहावा कोण याबद्दल एक्सलचं काही म्हणणं नसतं. दार मीच लावलं.
गाडी वळेपर्यंत ती मागे वळून बघत होती. गाडी अजून तरी वेळेत आहे.

सोमवार, ६ मे
शॉप बंद. मी गोव्यात असल्याचं सगळ्या उद्यमनगरला माहीत आहे. घराचं दार आतून लावून घेतलं. दुपारी कोणीतरी कडी वाजवली. गोव्यात असल्यामुळे उघडलं नाही.

गुरुवार, ९ मे
विमल आली. रंग रापलाय, आवाज बसलाय, हसतेय. विचारलं, सरहद्द बघितली? म्हणाली, कुठली? विचारलं, समुद्र कसा आहे? तिने लुगड्याच्या काठातली वाळू झटकली. मग म्हणाली, सांगाय येत न्हाई, तुमी असायला पायजे होतासा.
वाटेत बेळगावला अण्णासोच्या व्याह्यांकडे एक दिवस मुक्काम पडला म्हणे. त्यांनाही समुद्र बघायचा आहे.
मावशीचा निरोप: पुढच्या खेपेला जावईबापूंनाही न्यायचं. जागा झाली तर.