देवरीची लाइन

१ ऑक्टोबर २००१
आजपासून काम सुरू: गोंदियाची राइस मिल आणि देवरीचं गोदाम एकाच सॉफ्टवेअरवर आणायचं. तिकडे धानाचं पोतं उतरलं की इकडे शेठजींच्या स्क्रीनवर दिसणार. मधे फक्त टेलिफोनची लाइन आणि दोन मोडेम. दिवाळीपूर्वी चालू केलं तर सिस्टिम मॅनेजर करतो, असं शेठजी म्हणाले. म्हणजे झालोच. टेबलावरच्या पाटीची ऑर्डर देऊन आलो. पितळी.

४ ऑक्टोबर
लाइन लागली! तब्बल चाळीस मिनिटं. मग कटली. मोठ्या कामात असं व्हायचंच.

५ ऑक्टोबर
देवरीचा चौकीदार मंगरू इमानदार माणूस. त्याला बजावलं, लाइन डोळ्यात तेल घालून सांभाळ, दर दहा मिनिटांनी तपासत जा. हो जी म्हणाला.

१२ ऑक्टोबर
आता दर दहा मिनिटांनी कटते. कारण उघड आहे. देवरीच्या जंगलातली माकडं तारांवर झोके घेतात. शेठजींना लेखी कळवलं. त्यांनी विचारलं, बंदरों के पास घड़ी है क्या? टेक्निकल माणसानं वाद घालू नये.

१९ ऑक्टोबर
देवरीची ऑपरेटर योगेश्वरी रोज फ्लॉपी भरून बसच्या कंडक्टरजवळ पाठवून राहिली. हा मागासलेपणा बंद करा म्हटलं. म्हणते, सर, बस तं येते ना! बाईला व्हिजन नाही.
आकडे तिच्या फ्लॉपीतूनच भरतो. तात्पुरतं.

२ नोव्हेंबर
मंगरूला सांगितलं, दहा नको, पाच मिनिटांनी तपास.

१० नोव्हेंबर, सकाळी ८
आज शेठजींसमोर डेमो. पाटी आली, खिशात ठेवली. मोडेमला हळद-कुंकू लावलं. भीती नाही, रीत म्हणून.

संध्याकाळ
चारदा लागली, चारदा कटली. शेवटी शेठजींनी देवरीला साधा फोन लावला. मंगरूनं उचलला. म्हणाला, लाइन एकदम बरोबर आहे जी, साहेबानं सांगतलं तसा पाच-पाच मिनिटानं फोन उचलून पायतो, आतून कुईकुई आवाज येते. महिनाभरात एक खेप चुकली नाही.
फोन उचलला की मोडेमची लाइन कटते, एवढं शेठजींनाही ठाऊक होतं. मग मंगरूला शाबासकी दिली.
फार लाज वाटली. हे पान परत वाचायचं नाही.

१२ नोव्हेंबर
मोडेम कपाटात. डाटा आता बसनेच. रोज साडेनऊला स्टँडवर हजर राहायची जबाबदारी शेठजींनी माझ्यावर टाकली. विश्वासाचं काम आहे, कोणालाही देत नाहीत.
बस वेळेवर आली. कंडक्टरनं विचारलं, फ्लॉपीवाले तुम्हीच काय?
पाटी खिशातच होती. हो म्हटलं.