अंगानं भरलेला नवरा

आत्या,

मुलीचा नवरा आत्यानं पारखायचा ही आपली रीत, म्हणून मी तुझं ऐकलं. गारिकाईला तू अंगणातूनच हाकललंस. "हा काडीपैलवान! याला तो रोग असणारच. माणूस अंगानं भरलेला बघावा!" मग गोल गरगरीत तोबियास आणलास. "नवऱ्याकडे कंडोम मागू नकोस, बाजारबसवी वाटशील," हेही तूच शिकवलंस.

तोबियास मला रोग देऊन मेला. गारिकाई अजून सायकलवरून भोपळे विकतो, ठणठणीत.

आता तुझ्या शुवाईचं लग्न ठरलंय. गावभर सांगत फिरतेस, "जावई म्हणजे नुसता बैल!" तो बैल मला बुधवारी दवाखान्यात दिसला. नर्स गोळ्या घ्यायला हाका मारत राहिली, त्यानं तपासणीचा कागद फाडला आणि निघून गेला.

शुवाईला मी पाठीवर बांधून वाढवलंय. तरी हे पत्र मी टाकणार नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे. तू पारखलंयस ना? मग झालं.

लग्नाला येईन, नाचेनही. मला बघून तू म्हणशील, "बघा, कशी सुटलीये! हिला कसला रोग?"

गोळ्या खाऊन जाड झालेली,
तुझी भाची नेत्साई