फक्त चिठ्ठ्या कॅशेत

आरमोरी, मंगळवार, नोव्हेंबर २००६. रात्र.

सुट्टीवर घरी आले तरी ऑफिसातलं काम डोक्यातून जात नाही. नेटवर्कवरून येणारा डेटा आधी मोठ्या मेमरीत पडतो आणि प्रोसेसर तो आणण्यात ताटकळतो. म्हणून मी तो सरळ प्रोसेसरशेजारच्या छोट्या, वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशेत टाकला. थोडा वेळ काम पळालं, मग आधीपेक्षा मंदावलं. का? सोमवारपर्यंत जमलं नाही तर साहेब हा प्रयोग बंद करणार.

संध्याकाळी अब्बांच्या शिलाईच्या दुकानात बसले होते. बाहेरून नव्या धानाचा वास येत होता, डोळे मिटत होते. अम्मीनं लग्नाच्या कपड्यांचा अख्खा गठ्ठा मशीनवर आणून ठेवला, तसं अब्बा शिवत होते ते ब्लाउज खाली पडलं.

"सगळं इथी काऊन आणलं?" अब्बा म्हणाले. "मले फक्त चिठ्ठ्या दे. कोणाचं काय शिवाचं, ते पाहतो. कापड राहू दे फळीवर."

चिठ्ठ्या! डेटा ज्या तुकड्यांनी येतो, त्या प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीलाही ते कोणाचं, कुठं जायचं हे सांगणारी अशी चिठ्ठी असतेच. तेवढीच कॅशेत, बाकी सगळं मेमरीत. मी सगळंच कोंबून प्रोसेसरच्या हातातलं काम खाली पाडत होते.

ऑफिसातल्या मैत्रिणीला फोनवर बदल सांगितला. अर्ध्या तासानं तिचा फोन आला, "अगं, आता मंदावत नाहीये!"

"तू तिथी नेमकं करते काय, बेटा?" अब्बांनी विचारलं.

नोकरीला लागल्यापासून हे कधी नीट सांगता आलं नव्हतं. आज त्यांच्याच चिठ्ठ्या, मशीन आणि फळी दाखवून सांगितलं. त्यांना सगळं कळलं.