अण्णांच्या भाषणाचा शेवट

कोपरी, ठाणे
बुधवार, ता. १४ डिसेंबर १९५५

प्रिय प्रभाकर,

नमस्कार. तू, नीला आणि डोंबिवलीचे डास सुखरूप असाल असं धरून चालतो. माझी वकिली आणि मूळव्याध, दोन्ही जुनी झाल्यामुळे आता फारशी छळत नाहीत. थंडी बरी पडलीय.

चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम जाड पाकीट. तेव्हा कसली तरी शिसारी आल्याशिवाय हा माणूस लेखणी उचलायचा नाही, हे तू ओळखलं असशीलच. रविवारी आपल्या अण्णांची पंचाहत्तरी साजरी झाली.

साजरी म्हणजे काय, जिवंतपणी तेरावं. शाळेचं सभागृह, झेंडूच्या माळा, पाच सुवासिनी ओवाळायला. अण्णांच्या ग्रीकच्या सेमिनारमध्ये ज्यांनी वर्षानुवर्षं मांडीखाली इंग्रजी भाषांतर दडवून मान डोलावली, ते सगळे कडक कोट घालून पहिल्या रांगेत. समितीचे अध्यक्ष अर्थात आपले प्रोफेसर टिपणीस. त्यांनी चक्क ग्रीकमध्ये मानपत्र लिहिलं होतं आणि ते मंगलाष्टकांच्या चालीवर म्हटलं! मला वाटलं, शेवटी अक्षता उडवतात की काय. अण्णांनी मध्येच हात वर केला. "टिपणीस, हे क्रियापद तुम्ही माझ्यासाठी वापरताय, पण ते बैलाला जुंपतात तेव्हा वापरतात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक त्या दिवशी कशालाही टाळ्या वाजवत होते.

विमलाकाकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. स्टेजवर नारळांचा ढीग वाढत चालला तशा पुटपुटल्या, "मोरेश्वरराव, एवढ्या नारळांचं मी काय करू हो? ह्यांना नारळ नकोयत. ह्यांना भांडायला माणूस हवंय."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. कुठला माणूस, ते मला कळलं होतं.

तुला आठवतं ना, अण्णांच्या घरच्या ओसरीवर रविवारी सेमिनार भरायचं. निवृत्तीनंतर गुडघे गेले तरी विद्यापीठाने ते अण्णांकडेच ठेवलं होतं. आपण सगळे पाटांवर, मधोमध ती ग्रीक शोकांतिका. अण्णांचं आख्खं पुस्तक तिच्या शेवटच्या ओळींवर उभं. आणि तू, सगळ्यांत धाकटा, शिऱ्याची बशी बाजूला सारून म्हणालास, "अण्णा, या ओळी कवीच्या नाहीतच. पुढे कुणा नटमंडळीने जोडल्यात, प्रेक्षकांना घरी जाताना बरं वाटावं म्हणून." आणि तासभर एकेक पुरावा मांडलास. टिपणीस "उद्धट, उद्धट" म्हणत राहिले. पुढच्या रविवारी अण्णांकडून तुला निरोप गेला नाही, त्याच्याही पुढच्या नाही. शेवटी तू यायचाच थांबलास.

तर रविवारी उत्तराच्या भाषणाला अण्णा उभे राहिले. शाल खांद्यावरून घसरत होती. म्हणाले, "माझं पुस्तक चुकलेलं आहे. त्या नाटकाचा शेवट कवीचा नाही. प्रभाकरचं बरोबर होतं. मला त्याच दिवशी कळलं, पण एवढ्या पोराने चूक दाखवावी याची लाज वाटली. आज तो इथे नाही, हाच माझा सत्कार." आणि खाली बसले.

पुन्हा टाळ्या! अरे, त्यांनी ऐकलंच नाही रे काही. टिपणीसांनी मात्र ऐकलं. पेढा तोंडात तसाच ठेवून ते बसले होते.

गौरव-अंकासाठी वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडे, मी समितीचा चिटणीस म्हणून. मी शब्द न् शब्द लिहून दिला. काल छापखान्यातून कच्ची प्रत आली, तिच्यात अण्णांच्या भाषणाचा शेवट असा: "अण्णासाहेब सद्गदित होऊन म्हणाले, आज माझं जीवन कृतार्थ झालं. शिष्यांच्या रूपाने मी उरेन."

तडक टिपणीसांच्या घरी गेलो. ते आंघोळ करून जानव्याने पाठ खाजवीत होते.

"हे अण्णा कधी म्हणाले?"

"म्हणायला हवं होतं. अहो वकीलसाहेब, वय झालंय त्यांचं, भ्रम होतो. आणि वाचकाला अंक मिटताना बरं नको का वाटायला?"

प्रभाकर, तू चार वर्षांपूर्वी त्या नटांबद्दल जे म्हणालास, तेच हा माणूस स्वतःच्या तोंडाने, पाठ खाजवत, सुपारी शोधत म्हणाला. हस्तलिखितांत कोणी कुठे हात घातला ते शोधण्यात यांची हयात गेली! चिटणीसपदाचा राजीनामा त्यांच्या पोथीवर ठेवला आणि निघालो. अंक छापला जाईलच. टिपणीसांनी विद्यापीठालाही कळवलंय की अण्णांना आता झेपत नाही, सेमिनार आपण मुंबईत चालवू. म्हणजे ओसरीही गेली.

हे सगळं लिहिलं, पण ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलंच.

अण्णांना आता दिसत नाही. सहा महिने झाले, त्यांनी कुणाला कळू दिलं नाही; मलाही कालच कळलं. मानपत्र त्यांनी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं. टिपणीसांकडून निघालो तो थेट त्यांच्याकडे गेलो. अंकाचं काही बोललो नाही. ते भिंतीला टेकून बसले होते, समोर तेच नाटक, उघडं. तेही उलटं धरलेलं. म्हणाले, "मोरू, त्याने शेवट कापला ते मान्य. पण मग नाटक संपतं कुठे? हे त्या गाढवाने सांगितलंच नाही. त्याला विचारायचंय. येईल का रे?"

मी म्हणालो, "रविवारी येतोय."

तुला न विचारता म्हणालो. वकील आहे, तोंडातून निघून गेलं. त्यांनी लगेच काकूंना हाक मारली, "अगं, शिरा कर गं रविवारी. आणि त्याची बशी त्याला आधी खाऊ दे, मग भांडण."

तुझा राग रास्त आहे. अण्णा चार वर्षं गप्प बसले, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. येऊन खुशाल त्यांना बोल. त्यांना तेच हवंय. काकूंनी तुझा पाट माळ्यावरून काढून धुऊन ठेवलाय.

खाली आशीर्वाद, लोभ असावा, वगैरे काही लिहीत नाही. जोडलेल्या शेवटांचा मला वीट आलाय.

रविवारी.

मोरेश्वर