थोडंसं भांडण

४ मार्च
— आणि पिशवी संपलीसुद्धा! नर्सने नळी काढून कापूस दाबला. ताई शेजारच्या खुर्चीत. चेहरा फसवल्यासारखा.
"एवढंच? काल पेशी काढायला मला दोन्ही हातांत सुया खुपसून दुपारपर्यंत निजवलं. नाक खाजलं तरी हात हलवायची सोय नाही. आणि ह्याचं चहा होईपर्यंत उरकलं?"

गेल्या वर्षी तिच्याच मूळपेशी माझ्यात घातल्या. मायलोमा, म्हणजे हाडांतल्या मगजाचा कॅन्सर, गेला असं वाटलं. पण रक्तात त्याचं प्रथिन पुन्हा दिसायला लागलं. थोडंच, पण वाढतं. म्हणून आता तिच्या लढाऊ पांढऱ्या पेशी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या कॅन्सरवर जातील, आणि थोड्या तुमच्याही अंगावर येतील. खाज, पुरळ. आलेलं बरं. त्या जाग्या झाल्याचं कळतं. भांडण होऊ दे, हातघाई नको."
"भांडण ना? ते माझ्यावर सोडा," ताई.

११ मार्च
काही नाही.

१९ मार्च
मास्क लावून चष्म्याचं दुकान उघडलं. एका आजोबांचा नंबर वाढलेला. ते माझ्यावरच चिडले — "मागच्या वेळी चांगला काढला होतात!"
ताईचा फोन.
"खाजतंय?"
"नाही."
"पाठ बघितलीस?"
"बघितली."
"एक गोष्ट धड जमेल तर शपथ!"

२ एप्रिल
खाज सुटली! मनगटं, पोटऱ्या. बायकोने दुकानातलं भिंग आणलं. लाल ठिपके, चांगले टपोरे. ताई धावत आली, ठिपके बघून तिने टाळ्याच पिटल्या. तिघं खुळ्यासारखे हसत बसलो. मी मन लावून खाजवत होतो.

३ एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी ठिपके पाहिले.
"खिडकी उघडी टाकून झोपता का?"
डास!
परत येताना घराच्या दारात ताई म्हणाली, "डासांना बरा सापडतोस."

१५ एप्रिल
प्रथिन आणखी वाढलंय. ताईच्या काही पेशी गोठवून ठेवल्यात; दोन आठवडे वाट बघायची, मग त्यांचा मोठा डोस. बायको घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.
संध्याकाळी ताई. आज नेहमीचा प्रश्न नाही.
"माझ्या पेशी तुला लाडावत असतील का रे? लहानपणी मी तुला कधी मारलं नाही."
"मारलंस. छत्रीने."
"मग ह्यांना काय धाड भरलीय!"

२८ एप्रिल
काउंटरवरच्या आरशात डोळे पिवळे. आधी दिव्यावर संशय घेतला. आरसा दारात, उन्हात नेला. पिवळेच. बायकोने खालची पापणी ओढून पाहिली. शटर खाली घेतलं.

हॉस्पिटलात दाखल. कारण यकृत. ताईच्या पेशी जाग्या होऊन त्यावर धावून गेल्यात.
"म्हणजे थोडंसं भांडण?" मी विचारलं.
"थोडंसं नाही." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. औषध आहे. त्याने पेशी शांत होतील — पण कॅन्सरवरच्याही. दिलं नाही तर यकृत हातचं जाईल. उद्या सकाळपर्यंत ठरवा.

ताई पलंगाच्या कडेला बसली. बराच वेळ पर्सची चेन उघडत-लावत होती.
"मी काय करू सांग."
"तू कशाला काय करतेस? तुझं काम तू केलंस."
"तेच तर!" म्हणाली आणि रडली. मी हिला याआधी कधी रडताना पाहिलेलं नाही. बायकोने आम्हा दोघांनाही दटावलं.

२९ एप्रिल
सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. प्रथिन निम्म्यावर आलंय. मी सही केली. नर्सने औषध सुरू केलं.