ट्वीटर गेलेला आहे

२ फेब्रुवारी, रविवार

आज स्पीकरची जोडी आली. खर्डीच्या बाजूला मुंबईच्या एका शेठचं फार्महाऊस आहे, ते रिकामं करतायत, त्यातली. टेम्पोवाल्याने ओट्यावर उतरवून दिली. जपानी. लाकडी खोकी, गुडघ्याच्या वर येतात. उचलताना कंबरेतून कट्ट आवाज आला. अस्सल माल जडच असतो.

बायकोला, जनीला, सांगितलं की जुनी जोडी देऊन ही बदलून घेतली. जुनी जोडी भाताच्या पोत्यांमागे आहे. तिच्या आधीचीही तिथेच आहे. पोती कमी होत जातील तसं अवघड होणार. त्याचा विचार पावसाळ्यात करू.

संकल्प : ही शेवटची खरेदी. आता फक्त ऐकायचं.

३ फेब्रुवारी

ऐकलं. खालचा आवाज उत्तम. ढोलकी अशी की मांडणीवरची भांडी थरथरली. पण वरचा सूर नाही. टाळ नाहीत. बाई गाते ती गोधडीत तोंड घालून गाते.

निदान : ट्वीटर गेलेला आहे. मोठ्या स्पीकरच्या डोक्यावर जो वाटीएवढा बारीक आवाजाचा असतो, तो.

माझं शिक्षण सातवी, तीही पूर्ण नाही. पण कान शिकलेला आहे. पंचवीस वर्षं लग्नांत आणि जत्रांत भोंगे बांधले. भोंग्याच्या तोंडाशी कान नेऊन सांगायचो, उजवा फाटलाय. आणि तो फाटलेलाच निघायचा.

७ फेब्रुवारी

मुरबाडला कमळूकडे गेलो. रेडिओ, टेप दुरुस्त करणारा आता तो एकटाच उरलाय. एसटीत स्पीकर मांडीवर मावला नाही म्हणून शेजारच्या सीटवर ठेवला. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं. मी म्हणालो, हा माणूस नाही. तो म्हणाला, जागा तर माणसाची अडवलीय. मागच्या बाया हसल्या. मुरबाडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

कमळूने ट्वीटर काढून, तारा लावून ऐकला. म्हणाला, ‘‘नाना, तुमी सांगाल तं मी तुमच्या घराची कौलं पण बदलून देईन. पण ट्वीटर चांगला हाय.’’

मी म्हणालो, बदल. त्याने बदलला. जुना पिशवीत घालून परत दिला. म्हणाला, गल्लीतल्या पोरांना खेळायला द्या.

८ फेब्रुवारी

नवा ट्वीटरही गेलेला आहे.

कमळूने फसवलं. माणूस ओळखीचा असला की असंच करतो.

१३ फेब्रुवारी

या आठवड्यात : तारा बदलल्या. रेकॉर्डची पिन बदलली. कॅसेट डेकचं हेड स्पिरिटने पुसलं. अॅम्प्लिफायरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण पार उजवीकडे फिरवलं. फरक पडलाय. थोडा. असं वाटतं.

आज स्नेहल, म्हणजे आमची सून, कुकर लावून दळण आणायला गेली. मला म्हणाली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी कुकरसमोर स्टूल टाकून बसलो. एकही शिट्टी झाली नाही. डाळ करपून कोळसा. स्नेहल म्हणाली की शिट्ट्या गल्लीच्या तोंडाशी ऐकू येत होत्या. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलणं बरं नाही. नव्या कुकरमध्ये दम नाही, हे मी मुलाला, शेखरला, सांगणार आहे.

संध्याकाळी ओट्यावर बसलो. हल्ली किडेसुद्धा ओरडत नाहीत. औषधं मारून मारून सगळे मारले.

२० फेब्रुवारी

माझा भाऊ मंगळू आला होता. त्याची नात शीतल. तिचं लग्न ठरलं, वीस एप्रिल, मुरबाडच्या पलीकडे त्यांच्याच दारात मांडव. हळदीला आणि लग्नाला धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, जनीनेच म्हणायचे असं सांगायला आला. सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे धवलारीण गाते तेव्हा हळद लागते, आधी नाही. भटजी उशिरा आला तरी चालतो. आणि चाळीस वर्षं आमच्या सगळ्या भावकीत जनीच धवलारीण आहे.

ती लगेच ओट्यावर भात पाखडता पाखडता म्हणायला लागली. मी ठरवलं, आपल्याकडे एवढी मशिनरी असताना हा आवाज टेप करून ठेवायचा. घराण्याचं काम होईल. मशिनरीचाही उपयोग दिसेल.

२३ फेब्रुवारी

टेप केलं. लावलं.

दोनदा लावलं. मन घट्ट करून लिहितो : जनीचा आवाज गेला. धार नाही. शेवटचा शब्द वर जातो तिथे काही नाहीच, नुसती हवा. पडताळा म्हणून तिची जुनी कॅसेट लावली, शेखरच्या बारशाच्या वेळची. तीही तशीच वाटली, पण कॅसेट जुनी झाली की असं होतं.

मशीनला नातं नसतं. ते खोटं बोलत नाही.

तिला आज सांगितलं नाही. ती विचारत होती, कसं आलं. मी म्हणालो, हेड साफ करावं लागेल.

२५ फेब्रुवारी

रात्रभर काळजी. भर मांडवात लोक हसले तर? वरपक्ष भिवंडीकडचा आहे, बोलायला मोकळा. जनीची अब्रू ती माझी अब्रू. म्हणून मंगळूला फोन केला. खुबीने सांगितलं. वहिनीचा आवाज पूर्वीसारखा नाही, तिला म्हणू नको मी बोललो, पण दुसरी बघ. तो म्हणाला, ‘‘दादा, तू आयुष्य भोंग्यात काढलास. तू बोलतोस तं असंल.’’

बरं वाटलं. अजून कानाला मान आहे.

१ मार्च

मंगळूच्या घरून निरोप. त्यांच्या गावातल्या रखमीला सांगितलंय. जनीला म्हणाले, तुमचं वय झालं, कशाला दगदग.

जनीने निरोप ऐकला आणि सूप भिंतीला उभं करून ठेवलं. मी त्या वेळी डेकचं झाकण काढून आत बघत होतो. आत बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ बघितलं.

५ मार्च

घरात शांतता आहे. ऐकायला चांगला काळ. पण ऐकलं नाही.

८ मार्च

जनीने जेवण वाढताना विचारलं. समोर बसून, माझ्या तोंडाकडे बघत.

‘‘माजा आवाज गेला असं मंगळूभावजींना कोणी सांगितलं?’’

मी ट्रेबल म्हणजे काय ते सांगितलं. वय झालं की गळ्यातून ट्रेबल कमी होतो, त्यात कमीपणा नाही, मोठमोठ्या गवयांचं होतं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

मग म्हणाली, ‘‘चाळीस वरसं पोरी माज्या तोंडानं नांदायला गेल्या. एक पोर मागं फिरून बोलली नाय का आत्ये, तुजा सूर खाली व्हता. आन तुमाला त्या खोक्यानं सांगितलं?’’

भाजीत मीठ जास्त होतं.

११ मार्च

विचार केला. जनीला वाईट वाटलं ते खरं, पण मूळ दोष ट्वीटरचा असू शकतो. म्हणजे आवाज थोडा गेलाय आणि ट्वीटर पुष्कळ गेलाय, असं. कमळूने धड माल दिला असता तर ही वेळ आली नसती. त्याला पुराव्यानिशी पकडायचं. शेखर म्हणाला, मोबाईलवर टेस्ट असते, नुसता बारीक सूर वाजतो, खालून वर चढत जातो. ट्वीटर चालू की बंद ते लगेच कळतं. उत्तम. रविवारी कमळू शहापूरला सामान घ्यायला येतो. त्याला चहाला बोलावलंय. टेस्टचं सांगितलेलं नाही.

१६ मार्च, रविवार

टेस्ट झाली.

काय झालं तेवढंच लिहितो. मी स्पीकरसमोर खुर्चीवर. कमळू बाकावर, हातात चहा. शेखर दारात. स्नेहलने मोबाईल अॅम्प्लिफायरला जोडला. मी म्हणालो, वरून सुरू कर, एकदम वरून. तिने बोट लावलं. काही वाजलं नाही. मी कमळूकडे वळून म्हणालो, बघ. हा तुझा ट्वीटर.

कमळूने बशी खाली ठेवली होती आणि दोन्ही कानांवर हात ठेवले होते. शेखरनेही. स्नेहल तोंड वाकडं करून स्पीकरपासून मागे सरकत होती. ओट्यावरचा कुत्रा उठून रस्त्यापलीकडे गेला.

कमळू म्हणाला, ‘‘नाना, बास करा. दात शिवशिवतात.’’

मी म्हणालो, काय बास करू, आधी चालू तर कर.

मग स्नेहल सूर हळूहळू खाली आणत गेली. दर वेळी विचारायची, आता? मी म्हणायचो, अजून लाव. शेवटी मला ऐकू आलं तेव्हा मी आनंदाने हात वर केला. कोणी हसलं नाही. कमळूसुद्धा नाही. तो हसला असता तर मला भांडता आलं असतं.

जनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. केव्हापासून, माहीत नाही. पिठाचा हात तसाच. ती माझ्याकडे बघून आत गेली.

१७ मार्च

मोबाईलच्या टेस्टला काही अर्थ नाही. तो चायनाचा असतो. कमळू आणि शेखर यांचं आधी बोलणं झालेलं असणार. कुत्र्याचं मात्र समजत नाही.

मळ असेल. आजपासून कानात कोमट तेल.

२२ मार्च

शहापूरला शिबिर होतं, मोफत कान तपासणी. घरी सांगितलं केस कापायला जातो. तपासणाऱ्या मुलीने आधी बघून सांगितलं, मळ नाही, तेल मात्र खूप आहे. मग डोक्यावर हेडफोन. बऱ्या प्रतीचे होते, पण गादी हलकी. कागदावर रेघ काढली. रेघ सरळ चालते आणि मग विहिरीत पडावी तशी पडते. विचारलं, काम काय करायचात? मी सांगितलं. ती म्हणाली, भोंग्याजवळ कान न्यायचात का? मी म्हणालो, कधी कधी.

म्हणाली, बायका-मुलांचे आवाज तुमच्या कानातून आधी जाणार. त्यांचा दोष समजू नका.

केस न कापताच घरी आलो. कोणी विचारलं नाही.

२३ मार्च

जनीचा आवाज जागेवर आहे.

२४ मार्च

मंगळूला फोन केला. सांगणार होतो की माझा कान गेलाय. सांगितलं की डेकचं हेड खराब होतं. मशीन सुधारल्यावर वहिनीचा आवाज चांगला आला, तेव्हा रखमीला राहू दे. तो म्हणाला, बघतो. त्याचा स्वर विचित्र वाटला. मंगळू हल्ली सरळ बोलत नाही.

३० मार्च, पाडवा

ठरवलंय. जनीला स्पष्ट सांगायचं : माझी चूक झाली, तू म्हण. एवढंच. दोन वाक्यं. गुढी उभारल्यावर सांगतो.

मंगळू आला होता, त्यामुळे राहिलं. तो आणि जनी परसात बराच वेळ बोलत होते. मी आत हेडफोन लावून बसलो, बायकांच्या बोलण्यात कशाला पडा. मंगळू बाई नाही, हे नंतर लक्षात आलं.

६ एप्रिल

जनी दिवसातून दोनदा तरी माझ्यासमोर येऊन बसते. काही काम नसतं. बसते, तोंडाकडे बघते, उठते. तिला काहीतरी हवं असणार. विचारलं, चहा पाहिजे का? उठून गेली.

दोन वाक्यं तयार आहेत. पण नुसतं बोलून काय होतं? तिच्या आवाजाची उत्तम टेप मांडवात लावली तर सगळ्यांसमोर भरपाई होईल. त्यासाठी डेकचा बेल्ट बदलायला हवा. कमळूला फोन केला. तो मागवतोय.

१२ एप्रिल

मंगळू पुन्हा आला होता. पुन्हा परसात. जाताना माझ्याकडे बघून थांबला. मी बेल्ट बसवत होतो, हातात स्क्रू होते. मान हलवली. तोही मान हलवून गेला.

बेल्ट अर्धा इंच मोठा आहे.

२१ एप्रिल, सोमवार

परवा हळद, काल लग्न. आज लिहितो.

हळदीला मांडवात रखमी बसली. जनी बायकांत मागे, खांबाला टेकून. मला पुरुषांच्या बाजूने सुरुवातीला काही ऐकू आलं नाही, मग काहीतरी. बायकांचे चेहरे बघत होतो. चेहऱ्यांवरून वाटलं, ठीक चाललंय, फार नाही.

मंगळू माझ्याजवळ येऊन बसला. मी ठरवलं, आता. म्हणालो, ‘‘मंगळू, हेड खराब नव्हतं. कान खराब होता. माजा.’’

तो म्हणाला, ‘‘दादा, त्ये अख्ख्या भावकीला ठावं हाय. स्नेहलनं होळीच्याच हप्त्यात सांगितलं. मी दोनदा येऊन वहिनीच्या पाया पडलो. रखमी पण बोलली, वहिनी असतील तं मी बसणार नाय. वहिनी काय बोलली ठावं हाय? घरचा माणूस मला बोलला का तू म्हण, तं म्हणीन. नायतं नाय. आमी काल सांजपर्यंत वाट बघितली. मला वाटलं तू बोलशील. तू तिथं स्क्रू घेऊन बसलास.’’

मी उठलो. बायकांतून वाट काढत गेलो. कोणाच्या तरी पायावर पाय पडला. आयुष्यात भर मांडवात बायकांत गेलो नव्हतो, सगळ्या बघत होत्या. जनीसमोर उकिडवा बसलो. दोन वाक्यं तयार होती, तोंडातून आलं ते असं, ‘‘म्हणतेस का?’’

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग जरा मोठ्याने, मला ऐकू जाईल असं म्हणाली,

‘‘हळद लागली आता.’’

शीतल चौरंगावर पिवळी झाली होती. डीजेवाल्यांनी बॉक्स लावायला घेतले. मी तिथून उठलो आणि त्यांच्या ट्रकजवळ जाऊन उभा राहिलो. एका पोराने विचारलं, बाबा, काय बघताय? मी म्हणालो, काही नाही.

काल लग्नालाही रखमीच बसली. लग्न लागल्यावर जीपने परत आलो. मी आणि जनी मागच्या बाकावर शेजारी. सरळगाव गेल्यावर तिचे ओठ हलायला लागले. बराच वेळ हलत होते, घाटाचं वळण गेलं तरी. धवळा म्हणत होती की मला बोलत होती, समजलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

मी मान डोलावत राहिलो. दोन्हीला चालते.