सप्रेम जय हरी

हॅवलॉक बेट, अंदमान
९ जानेवारी

ती. दादास,
स. ज. वि. वि.

फोन केला तर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानं जुळवतोस, म्हणून पत्रच लिहिते. आम्ही सगळे, म्हणजे धम्मानंद, सविता, दोन्ही लेकरं आणि मी, सुखरूप पोहोचलो. सोबत धम्मानंदच्या साहेबांचं बिऱ्हाडही आहे. आईला एकदा समुद्र दाखवतो असं म्हणून त्यानं मला परभणीहून पुण्याला बोलावलं आणि विमानात बसवलं. इथं आल्यावर कळलं की नवरा-बायकोला साहेबांबरोबर पाण्याखालचे मासे बघायला जायचं असतं आणि लेकरं सांभाळायला कोणीतरी लागतं. असू दे, आजी आहे, सांभाळते.

पण दादा, ही कसली रे मौज! बोटीत बसल्यापासून निम्मी माणसं पिशवीत तोंड खुपसून होती. सिद्धोधन माझ्या पदरात ओकला आणि साहेबांची मुलगी माझ्या चपलेत. त्याचं मला काही नाही. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून हयात गेली, पू म्हणू नको, रक्त म्हणू नको, कशाची किळस आली नाही. इथं मात्र सकाळ-संध्याकाळ येते. हॉटेलात जेवण मांडून ठेवतात, वाटेल तेवढं घ्यायचं. लोक ताटात ढीग करतात, एकेक घास चावून टाकून देतात आणि पुन्हा नवीन ताट घेतात. मागच्या दाराला त्या खरकट्यावर कावळे आणि कुत्री तुटून पडलेली असतात, त्या वासानं मला चहासुद्धा गोड लागत नाही. काल किनाऱ्यावर कुणाच्या तरी लेकराचं भरलेलं डायपर लाटेबरोबर येत होतं आणि जात होतं. माणसं त्याच्याकडं पाठ करून फोटो काढत होती. अंथरुणात वाळू, भातात वाळू, सिद्धोधनच्या कानात वाळू. समुद्र निळाशार आहे, तेवढं मान्य करते.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत खुपते, तुझ्यापाशी बोलते. साहेबांनी विनोद करायला तोंड उघडलं की आपला धम्मा आधीच हसायला लागतो. त्यांच्या मुलीला शी लागली की सविता उठते, तिची आई हलत नाही. मलाही त्यानं बजावून ठेवलंय की इथं सकाळी सगळ्यांना गुड मॉर्निंगच म्हणायचं, दुसरं काही नाही. म्हणते बापडी. त्याच्या नोकरीचं आहे, म्हटलं आपलं काय जातं.

तुझी म्हैस व्याली का ते कळव. पाय दुखत असले तर तेल लाव, शेजाऱ्यांना ऐकवत बसू नको. माया आहे तशीच असू दे.

तुझी बहीण,
सत्यशीला

ता. क. साक्षीनं तुला वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. मला वाचू दिली नाही, घडी घालून पाकिटात कोंबली. इंग्रजी शाळेतली पोरगी आहे, चुका धरू नकोस.

•

ती. झरीच्या आजोबांना,
सप्रेम जय हरी, विनंती विशेष.

आज्जी घाईत नुसतं स. ज. लिहिते. मी पूर्ण लिहिलं आहे. मी एक खेकडा पकडला आणि सोडून दिला. सिद्धू रोज ओकतो. समुद्राचं पाणी मी चाखलं, घाण लागतं. तुमच्या म्हशीला पिल्लू झालं का? त्याचं नाव मी ठेवणार.

तुमची लाडकी,
साक्षी

•

झरी, ता. जि. परभणी
२४ जानेवारी

चि. सत्यशीलास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पाकीट एवढ्या उशिरा आलं की तू तोवर पुण्याला परतलीही असशील, म्हणून धम्मानंदच्या पत्त्यावर लिहितो. म्हैस व्याली, रेडी झाली. नाव ठेवायचा मान साक्षीचा. पाय दुखतात, पण तू बंदी घातल्यामुळं कुणाला सांगत नाही.

तुझ्या पत्रातलं डायपर वाचून माझी त्या दिवशीची भाकर वाया गेली. असलं जेवणाच्या वेळी पोहोचेल असं लिहीत जाऊ नये.

आता मुद्द्याचं. साक्षीची चिठ्ठी वाचली तेव्हा शेजारचा चंद्रभान बसलेला होता. माळकरी माणूस, हौसेनं कान देऊन ऐकत होता. सप्रेम जय हरी ऐकलं आणि गडी मांडीवर थाप मारून म्हणाला की, लिंबाजी, नात तर आमच्यात आली की रं. मीही हसलो. समुद्राचं पाणी बाधलं म्हणालो. तो गेल्यावर चिठ्ठी पुन्हा वाचली, तेव्हा मात्र हसू येईना.

स. ज. म्हणजे काय हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही. आपल्या बाबांनी पोस्टकार्डावर जागा पुरत नाही म्हणून सप्रेम जयभीमचं स. ज. केलं, तेच आपण उचललं. मग या लेकराला जय हरी कुणी सांगितलं? चंद्रभान जन्मभर मला जय हरी म्हणत आला आणि मी त्याला जयभीम. दोघांनाही त्यात कधी काही खुपलं नाही. त्याचा शब्द वाईट नाही, पण तो त्याचा आहे. तू हळूच विचारून कळव. तिला रागावू नकोस, तिचं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे.

तुझा दादा,
लिंबाजी

•

पुणे
१ फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

यापुढं मी ही अक्षरं गाळणार नाही. कार्डावर जागा उरली नाही तर मजकूर कमी लिहीन.

साक्षीला जवळ घेऊन विचारलं. तिनं सरळ सांगितलं, लपवायचं काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. बेटावर मी तुला पत्र लिहीत होते, तेवढ्यात सिद्धोधनला धुवायला उठले. पत्र जेवणाच्या टेबलावरच राहिलं. साहेबांच्या बाईंनी पपई खाता खाता ते पाहिलं आणि स. ज. म्हणजे काय म्हणून सहज विचारलं. आपल्या धम्मानंदनं पापणीसुद्धा न लववता सांगितलं की, सप्रेम जय हरी, आमच्या घरात सगळे माळकरी आहेत.

सगळे माळकरी! आणि दादा, त्या वेळी त्याच्या ताटात तळलेली सुरमई होती. त्या बाईंनी एकदा त्याच्या ताटाकडं बघितलं आणि हसल्या, असं साक्षी म्हणते. म्हणजे ज्यांच्यापासून लपवलं त्यांना कळलं, आणि फसली ती आपली पोर. तिला वाटलं आज्जी आळशी आहे, आपण नीट पूर्ण लिहावं.

मी त्याला समोर बसवून विचारलं. आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाला की, आई, तुला ऑफिसातलं कळायचं नाही, बढतीच्या वेळेला माणसं कसा विचार करतात ते तू बघितलेलं नाहीस, एका शब्दानं कुणाचं काय बिघडतं. मी म्हणाले, बिघडत नाही तर मग बदललास कशाला? बाबांनी ती अक्षरं गाळली ती कार्ड लहान होतं म्हणून, लाज वाटली म्हणून नव्हे, एवढं मी त्याला ऐकवलं. ऐकवताना आठवलं की गुड मॉर्निंग म्हणायला मीही मान हलवली होती. माझीच मला शिसारी आली.

दादा, किळस म्हणजे काय ते मला या वयात कळलं. ज्याची लहानपणी ओकारी मी ओंजळीत धरली, त्याच पोराचं तोंड बघवेना. लिहिलं ते खोडत नाही. कुणी त्याला धमकावलं नव्हतं, कुणी जात विचारली नव्हती. नुसतं दोन अक्षरांचा अर्थ विचारला आणि एवढा शिकला-सवरलेला माणूस घाबरून सगळं घरच विकून मोकळा झाला.

साक्षीला मी खरा अर्थ सांगितलेला नाही. जीभ शिवशिवते, पण बापानं शिकवलेलं खोटं बापानंच पुसावं. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं, साक्षीसमोरच, की तू स्वतःच्या तोंडानं लेकीला ते सांगशील तेव्हाच मी या घरात पाय टाकीन. उद्याच्या गाडीनं परभणीला निघते. सविता दशम्या बांधून देत होती. डोळे पुसत म्हणाली की, आई, मीही तिथंच होते आणि गप्प बसले. तिला काय बोलू? सिद्धोधन माझ्या पिशवीवर बसून राहिलाय, उठत नाही.

तुझी,
सत्यशीला

•

झरी
६ फेब्रुवारी

चि. सत्यशीलास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

परभणीला पोहोचलीस ते बरं झालं. रागावलीस तेही बरं झालं, मला तेवढा राग आता झेपत नाही.

चंद्रभानला सगळं सांगितलं. आधी सुरमईवर खूप हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला की, आमचा हरी काय तोंड झाकायचं फडकं हाय व्हय? त्याला लय लागलं ते. धम्मानंदनं आपल्याला दुखवलं तसं त्यालाही दुखवलं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बापावर रुस, पण लेकरांवर रुसू नको. साक्षीचं पत्र आलं तर बोटं न मोडता उत्तर लिही. रेडीचं नाव अजून ठेवायचं राहिलंय, हाक मारायची पंचाईत होते. माझ्या वाटणीची माया तुझ्याकडं जमा आहे, ती जपून वापर.

तुझा,
दादा

•

पुणे
१५ फेब्रुवारी

ती. आज्जीस,
सप्रेम जयभीम, विनंती विशेष.

काल पप्पांनी मला स. ज.चा खरा अर्थ सांगितला. आधी त्यांनी दार लावलं. मग खिडकी लावली. मग टीव्ही मोठा केला आणि माझ्या कानात सांगितलं. भीम म्हणजे ज्या बाबासाहेबांचा फोटो तुझ्या घरात आहे तेच ते, असं पण सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी विचारलं की चांगला शब्द आहे तर हळू का बोलायचं? ते म्हणाले, आज्जीला विचार.

सिद्धूला शब्द आवडला. तो गॅलरीत जाऊन मोठ्यानं ओरडत होता. पप्पांनी पळत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

रेडीचं नाव मी निळाई ठेवलं आहे, आजोबांना कळव.

पप्पांनी सांगितलं तर तू परत येणार होतीस. त्यांनी सांगितलं आहे. पण आज्जी, हळू सांगितलेलं चालतं का?

तुझी,
साक्षी